दोन किलो चारशे ग्रॅम पाप

"पापाला वजन असतं," असं व्यासपीठावरून जाहीर झालं आणि भरगच्च सभागृह श्वास रोखून बसलं. एवढी मोठी गोष्ट सांगितल्यावर बोलणारा जरा थांबला. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात ती नीट मुरू दिली, आणि मग त्याच धीरगंभीर आवाजात म्हणाला, "आणि दारात ज्यांच्या निळ्या चपला आडव्या पडल्या आहेत त्यांनी त्या बाजूला कराव्यात, माणसं अडखळतायत."

अकरा जण उठले.

मागून तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, मांडीवर लाकडी पेटी घेऊन काटेसाहेब बसले होते. ते उठले नाहीत. एक तर त्यांच्या चपला तपकिरी होत्या, आणि दुसरं म्हणजे त्या चौदा किलोच्या पेटीखाली त्यांच्या मांड्या केव्हाच बधिर झाल्या होत्या.

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वजनमापं खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती, त्यात हे नाव चिकटलं. ते बाजारात शिरले की दुकानदार घाईघाईने वजनं पुसायला घेत. निवृत्तीनंतर खातं सुटलं, खोड सुटली नाही. घरी बिस्किटांचा पुडा आला की आधी तागडीत जायचा, मग बशीत. पावशेर चहा पाच ग्रॅमनी कमी भरला म्हणून त्यांनी एकदा कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं होतं. कंपनीने उत्तरादाखल पाच ग्रॅम चहा पाठवला. तोही त्यांनी तोलला.

अशा माणसापुढे पापाचं वजन चाललं होतं.

प्रकार असा होता. भारमुक्त बाबांच्या दर्शनाला आलेल्या माणसाला आधी पडद्यामागे नेऊन करड्या रंगाचा पायघोळ झगा घालत. मग तो माणूस व्यासपीठावरच्या भल्यामोठ्या वजनकाट्यावर उभा राही. त्याचं वजन मोठ्याने पुकारलं जाई. मग तो बाबांसमोर बसे. बाबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून डोळे मिटत, नाकाने बराच वेळ श्वास घेत आणि तोंडाने सायकलच्या ट्यूबसारखा सोडत. त्यानंतर तो पुन्हा पडद्यामागे जाई, करडा झगा उतरवून पांढरा चढवी आणि पुन्हा वजनकाट्यावर येई. वजन कमी भरे. जेवढं कमी भरलं तेवढं पाप गेलं. हिशेब सरळ होता.

"आता बघा," व्यासपीठावरचा इसम सांगत होता. हा पूर्वी प्रदर्शनांतून मिक्सर विकायचा. लोक त्याला अजून मिक्सरवालाच म्हणत, आणि त्याच्या बोलण्याची धाटणीही तीच राहिली होती. "झगा चढवला. उभे राहिलात. झग्यात शिरताच खांदे जड वाटतील, घाबरायचं नाही. ते पाप जागं झालेलं असतं. बाबांच्या जवळ आलं की ते हातपाय झाडतं. गरम होईल, थोडी दमछाक होईल, लक्ष द्यायचं नाही. आवाज आला तर तो तुमचा नाही, पापाचा."

आणि कोणाला शंका नको, म्हणून त्याने सुरुवातीलाच एक करडा आणि एक पांढरा झगा सर्वांसमक्ष वजनकाट्यावर टाकून दाखवला होता. दोन्ही सातशे ग्रॅम. टाळ्या पडल्या होत्या.

सकाळपासून बावीस जण हलके झाले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, बेकरीवाला झाला, इमारती बांधणारा एक कंत्राटदार झाला आणि नव्वदीच्या एक आजीबाई झाल्या. प्रत्येकाचं पाप दोन किलो चारशे ग्रॅम भरलं. आजीबाईंना हे लागलं. कंत्राटदाराकडे बघत त्यांनी विचारलं की याचं आणि माझं सारखंच कसं. कंत्राटदार तर एवढ्या कमीवर सुटल्याच्या आनंदात पुन्हा पुन्हा आकडा विचारत होता. बाबांनी डोळे न उघडता सांगितलं की पाप सगळ्यांचं सारखंच असतं, फक्त पत्ते वेगळे असतात. लोकांनी हे वाक्य लिहून घेतलं. उतरवलेला करडा झगा पापाने मळलेला, म्हणून त्याला कोणी हात लावत नसे. दोन स्वयंसेवक तो दोन चिमट्यांनी उचलून पत्र्याच्या टबात टाकत. एका चिमट्याने तो उचलत नसे.

काटेसाहेबांना या कशाशी घेणंदेणं नव्हतं. जगातल्या सगळ्या मूर्खपणाचं निर्मूलन करायचं त्यांचं वय गेलं होतं. ते आले होते ते रांगेत चोविसाव्या जागी उभ्या असलेल्या बाईंसाठी. ती त्यांची थोरली बहीण होती.

ताई पडदे शिवायची. नाटकगृहांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे, चाळीस वर्षं. लांबून तिची नजर घारीसारखी होती, पण सुईचं नेढं मात्र तिला दिसत नसे. म्हणून रोज सकाळी काटेसाहेब तिला बारा सुयांत दोरा ओवून देत आणि टाचणउशीत एका रांगेत खोचून ठेवत. पडदा शिवून झाला की ताई तो टांगून आठ पावलं मागे जायची आणि त्याचा खालचा काठ बघत उभी राहायची. वर कोणीही बघतं, म्हणायची, काम खाली असतं. दोघंही एकटी, दोघांचंही पेन्शनीचं वय झालेलं, एका घरात बरं चाललं होतं.

त्यात ताई रोज सकाळी साडेसहाला खिडकीपाशी बसून डोळे मिटायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मागायची. कोणाकडे मागते हे काटेसाहेबांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. त्यांनी त्याऐवजी शर्यतीतलं घड्याळ आणलं आणि वही घातली. वहीत दोन रकाने होते, मागणी आणि निकाल. शेजारणीचा खोकला बरा होवो: झाला, अकरा दिवसांनी. हॉटेलचं कापड वेळेवर येवो: नाही. सात महिने त्यांनी पुटपुटणं ऐकून टिपणं काढली, आणि एका सकाळी नाश्त्याला ती वही ताईला वाचून दाखवली. एकूण मागण्या दोनशे बारा, सफल एकशे सहा. नाणं उडवलं असतं तरी एवढंच, असा शेराही वाचला. वाचताना ते हसले. मनापासून हसले, हे वाईट झालं.

ताई रागावली नाही. तिने कप खाली ठेवला, तो धुतला आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी तिने सुया पुढे केल्या नाहीत. बाजारातून दोरा ओवायची तारेची चकती आणली. पाच आठवडे झाले, त्या चकतीने ती रोज झटापट करत होती आणि काटेसाहेब पेपराआडून ते बघत होते.

मग शेजारणीने तिला बाबांकडे नेलं. तिथे तिने डोळे मिटले तर सगळ्यांनीच मिटले. बाबांनी तिचे हात बघून हे देवाचे हात आहेत असं सांगितलं आणि भारमुक्त निवासात कायमचं राहायला बोलावलं, मशीन घेऊन. निवासाला सेहेचाळीस खिडक्या होत्या आणि एकीलाही पडदा नव्हता. ही गोष्ट काटेसाहेबांनी दोनदा तिच्या नजरेस आणली.

"ताई, ते तुला फसवतायत."

"असतील," ताई म्हणाली. "पण हसत नाहीत."

शिलाई मशीन आता घरी जुन्या चादरीत बांधून दाराशी ठेवलं होतं. संध्याकाळी पाचला टेम्पो येणार होता. त्याआधी ताई आपलं पाप उतरवून घेणार होती, आणि त्याआधी काटेसाहेब बाबांचा वजनकाटा खोटा ठरवणार होते. त्यासाठी चौदा किलोची पेटी. तिच्यात एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंतची पितळी प्रमाणवजनं मखमलीत झोपली होती.

तेविसाव्या माणसाचं पाप उतरत असताना ते उठले. पाय बधिर असल्यामुळे पहिली चार पावलं त्यांनी एखाद्या पांगुळगाड्यासारखी टाकली, आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी, बघा, किती जड झालाय बिचारा, असा उसासा सोडला.

व्यासपीठाखाली उभं राहून त्यांनी आपली ओळख दिली आणि हा वजनकाटा तपासण्याची परवानगी मागितली. त्यांना वाटलं होतं की बाबा टाळाटाळ करतील. बाबांनी डोळे उघडले, प्रेमाने हसले आणि म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो."

मिक्सरवाल्याने भिंतीवरची एक चौकट काढून त्यांच्या हातात दिली. ते वजनकाट्याचं प्रमाणपत्र होतं. खाली सही होती. सही काटेसाहेबांची होती.

बंद पडलेल्या एका गोदामाचा हा वजनकाटा. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनीच तो तपासला होता, त्यांनीच शिशाची मोहोर लावली होती. लिलावातून बाबांनी तो उचलला, तो त्या मोहोरेसाठीच.

"शासनमान्य," मिक्सरवाल्याने सभागृहाला सांगितलं. "मोहोर बघा, सही बघा, आणि आज तर सही करणारा माणूसच बघा."

काटेसाहेबांनी तरी नेट सोडला नाही. पेटी उघडली. मुख्याध्यापिकाबाईंना वजनकाट्यावर उभं केलं आणि त्यांच्या पायाशी एकेक वजन ठेवत गेले. पाच किलो ठेवले, काटा पाच किलो पुढे. शंभर ग्रॅम ठेवले, काटा शंभर ग्रॅम पुढे. खाली वाकून चुंबक शोधला, मागे जाऊन तार शोधली, मोहोर नखाने खरवडून पाहिली. वजनकाटा घड्याळासारखा बिनचूक होता. मोहोरही एवढी सुबक होती की क्षणभर त्यांना अभिमानच वाटला.

"निकाल सांगा, साहेब," बाबा म्हणाले.

एकतीस वर्षांत त्यांनी खोटा निकाल दिला नव्हता. "बरोबर आहे," ते म्हणाले.

सभागृह उसळलं. रांगेत उभ्या ताईने मान खाली घातली. भावाचं हसं झालेलं तिला बघवत नव्हतं, आणि ती मान खाली घालते आहे हे काटेसाहेबांना बघवत नव्हतं. तेवढ्यात बाबांनी हात वर केला आणि एवढा पेटीभर अहंकार वाहून थकलेल्या या सद्गृहस्थांचाही भार आपण आत्ताच उतरवू असं जाहीर केलं. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर निरीक्षक घाबरला, असं झालं असतं.

पडद्यामागे त्यांच्यावर करडा झगा चढवला गेला. आणि खरोखरच खांदे जड झाले.

घाम असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. लाज असेल. रात्रीची झोप नीट झाली नसेल. वजनकाट्यावर उभं राहिल्यावर तबकडीचा काटा सत्त्याहत्तर किलोवर बराच वेळ थरथरत राहिला, एवढं त्यांच्या तयार नजरेने टिपलं, पण डोकं जागेवर नव्हतं. कारण खांद्यावर ते ओझं आलं, त्याच क्षणी त्यांना एक गोष्ट आठवली होती. दोन रकान्यांची वही. ती आत्ताही त्यांच्या कोटाच्या खिशात होती, झग्याच्या आत.

बाबांनी श्वास सोडला. पांढरा झगा आला. काटा चौऱ्याहत्तर किलो सहाशेवर येऊन शांत थांबला.

"नास्तिकाचंसुद्धा," मिक्सरवाला म्हणाला. आवाज भरून आला होता. "दोन किलो चारशे. धर्म नाही, जात नाही, विश्वास नाही, तरी पूर्ण कंपनी वॉरंटीसह."

काटेसाहेब वजनकाट्यावरून उतरले आणि पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आणि एका वजनकाट्याच्या मतांत फरक पडला होता. आणि वजनकाटा बरोबर होता.

आता ताईची पाळी होती. तिला पडद्यामागे न्यायला स्वयंसेवक आले, पण ताई जागची हलली नाही. काटेसाहेबांचा करडा झगा दोघांनी चिमट्यांनी उचलून टबाकडे चालवला होता, आणि ताई आठ पावलांवरून त्याचा खालचा काठ बघत उभी होती. डोकं एका बाजूला कललेलं. काटेसाहेबांना तिची ही नजर ओळखीची होती. असं बघून झाल्यावर ती बहुतेक वेळा अख्खा पडदा उसवायला लावायची.

"हा कोणी शिवलाय?" तिने विचारलं.

स्वयंसेवक एकमेकांकडे बघू लागले. मिक्सरवाल्याने, माताजी, तो झगा पापी आहे, हात लावू नका, असं सांगेपर्यंत ताईने काठ दोन बोटांत धरला होता. ती बोटं काठावरून सरकत गेली, मधे एका जागी थांबली, मागे आली. मग तिने चुक् असा आवाज केला. लहानपणी काटेसाहेबांनी वहीत शाई सांडली की ती असाच आवाज करायची.

"पडद्याला घालतो ती साखळी घातलीय याच्यात," ती म्हणाली. तक्रार नव्हती, पाहणीचा शेरा होता. "कापड सरळ पडावं म्हणून काठात घालतात. पण एक पदर. इथे सहा घातलेत. आणि टोकं बंद केलेली नाहीत. असं कोणी करतं का?"

कमरेच्या पिशवीतून तिने उसवणी काढली आणि टाका तोडला. काठातून सापासारखी शिशाच्या मण्यांची साखळी बाहेर आली आणि व्यासपीठाच्या फळ्यांवर खळखळत पडली. पडतच राहिली. पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण साखळीपुढे टाचणीचं काय चालणार. बाबा उभे राहिले. बाबांना कोणी उभं राहिलेलं फारसं पाहिलं नव्हतं. ते चांगलेच उंच निघाले.

"पाहा," ते गरजले. "या मातेचा स्पर्श झाला आणि पाप धातुरूप झालं."

आणि हे सांगायला वाईट वाटतं, पण निम्म्या सभागृहाने हात जोडले.

ताईने साखळीचं टोक उचलून डोळ्यांपासून लांब धरलं. "मग हे पाप मी परवाच आठ मीटर आणलंय," ती म्हणाली. "हॉटेलच्या पडद्यांना. दुकानात रिळावर मिळतं."

पहिल्यांदा आजीबाई हसल्या. मग हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. मुख्याध्यापिकाबाईंनी सरळ टबात हात घालून दुसरा झगा काढला, तिसरा काढला, आणि ताईची उसवणी हातोहात फिरू लागली. प्रत्येक काठात साखळी. फक्त पहिला झगा, सगळ्यांसमोर तोललेला, तेवढा साधा होता. तो नमुन्याचा.

काटेसाहेब पायरीवरून कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी साखळी गोळा करून वजनकाट्यावर ठेवली आणि आकडा पुकारला. दोन किलो चारशे, ग्रॅमभरही इकडे तिकडे नाही. बोलता बोलता त्यांना दुसरंही उलगडलं. तरीच काटा थरथरत होता. झग्याचा काठ झुलत होता ना खाली. वजनकाटा बिचारा खरं तेच सांगत होता, माणूस अधिक साखळी. पुढे नुसता माणूस. त्याला पाप विचारलंच नव्हतं कोणी.

या गडबडीत बाबा निघाले. मागचं दार टबांनी अडलं होतं, म्हणून पुढच्या दाराने निघाले, आणि निळ्या चपलांना अडखळून पडले. तिथेच त्यांना कंत्राटदाराने गाठलं. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं की मग आता आपलं नक्की किती शिल्लक आहे. मिक्सरवाला माइक हातात धरून उभाच होता. थोड्या वेळाने सवयीने म्हणाला की आठ दिवसांत वस्तू परत घेतली जाईल.

काटेसाहेबांना मात्र चेव चढला होता. माइक त्यांनी मिक्सरवाल्याच्या हातून काढून घेतला आणि बोलायला सुरुवात केली. एक खोटं उघडं पडलं, आता सगळंच खोटं आहे हे मान्य करा, आजपासून डोळे मिटणं बंद, मागणं बंद, असं त्यांचं सुरू झालं, आणि त्यांच्या कोटाची बाही मागून ओढली गेली.

"धाकट्या," ताई हळूच म्हणाली. माइक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "बाजारात एकाचं माप खोटं निघालं की तू काय करायचास?"

"ते माप जप्त करायचो."

"बाजार बंद करायचास?"

काटेसाहेबांनी माइक तोंडापासून दूर नेला.

"त्याचा झगा मी उसवला, तो शिवण कळते म्हणून," ताई म्हणाली. "सकाळची मी डोळे मिटते, ते मिटते म्हणून. यात भांडण कुठे आहे ते मला दिसत नाही. तुला दिसत असेल तर घरी जाऊन सांग. इथे लोक आहेत."

काटेसाहेबांनी खिशातून वही काढली. माइक बाजूला धरून ते तिला म्हणाले की झगा अंगावर आला तेव्हा त्यांना ही आठवली होती.

"ती साखळी होती," ताई म्हणाली.

"साखळीच होती. पण आठवलं ते आठवलं."

ताईने वही घेतली, चाळली, आणि मागची कोरी पानं किती आहेत ते बघितलं. कापडाची मापं उतरवायला होतील, असं म्हणून पिशवीत टाकली.

मग काटेसाहेब पुन्हा माइककडे वळले. या वेळी आवाज खाली होता. ते म्हणाले, "एकतीस वर्षं मी एकच नियम पाळला. जे वजनकाट्यावर ठेवता येतं, ते तपासायचं. कोणीही काहीही सांगो, कितीही उंच बसून सांगो, तपासायचं. जे ठेवता येत नाही, त्याच्यावर मला शिक्का मारता येत नाही आणि ते जप्तही करता येत नाही. माझी बहीण सकाळी काय मागते, तो तिचा प्रश्न आहे. मला ते पटत नाही, उद्याही पटणार नाही. पण पाप दोन किलो चारशे आहे असं कोणी म्हटलं, की तो माझा प्रश्न होतो. तुमचाही होतो. देव मानणाऱ्याचाही होतो, आज तर त्याचाच जास्त झाला. म्हणून एवढंच करा. चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी विचारा, आधी आणि नंतर यांच्या मधे काय बदललं? पडद्यामागे काय झालं? वजनकाटा खरा असला, मोहोर खरी असली, सही माझी असली, तरी विचारा. मी वजनकाटा तपासला आणि झगा तपासायचा राहिला, कारण मला वजनकाटाच कळतो. ज्याला जे कळतं त्याने ते तपासावं. शिंप्याने शिवण बघावी, सुताराने फळी बघावी, डॉक्टरने नाडी बघावी. एवढ्या डोळ्यांतून सुटेल असा बाबा अजून जन्माला यायचाय."

टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. काटेसाहेबांना वाटलं, आता मुद्दा दुसरा. त्यांनी घसा साफ केला, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि मानवी बुद्धीच्या इतिहासाकडे वळले.

ताई पायरीवर बसली होती. मांडीवर काटेसाहेबांचा करडा झगा होता, साखळी काढलेला, काठ लोंबणारा. उसवलेला काठ तसाच टाकून उठायचं तिच्या हातून होत नव्हतं, मग तो झगा कोणाचा का असेना. तिने पिशवीतून सुई काढली, दोरा काढला. तारेची ती चकतीही काढली, बघितली आणि परत पिशवीत टाकली. मग सुई आणि दोरा वर धरून ती मानवी बुद्धीच्या इतिहासात मधेच म्हणाली,

"धाकट्या, बोलणं चालू दे, पण आधी एवढा दोरा ओवून दे."